चिंतामण मामाचा भोंगा

माझ्या मामाने एकोणीसशे एकाहत्तर साली अर्धं इंदूर खड्ड्यात घातलं होतं. हे मी टोमणा म्हणून सांगत नाहीये. खरोखरचे खड्डे होते, शाळांच्या मैदानांत आणि बगिच्यांत खणलेले, आणि भल्या सकाळी खरोखरची माणसं त्यांत उड्या मारून बसली होती. कुणी नुसत्या टॉवेलवर, कुणाच्या तोंडात मंजन तसंच. त्यांतली एक पुढे माझी मामी झाली.

मामाचं नाव चिंतामण सरमंडल, वय अठ्ठ्याहत्तर. स्नेहलतागंजात आमची चार मजली इमारत आहे, तिच्या दुसऱ्या मजल्यावर मामा-मामी आणि तिसऱ्यावर मी. मी शलाका, त्याची भाची. विम्याच्या ऑफिसात नोकरी करते आणि इमारतीची सेक्रेटरी आहे, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं आणि माझा आवाज खणखणीत आहे. लोक म्हणतात शलाका तापट आहे. बारा फ्लॅट सांभाळून बघा म्हणावं, मग बोला.

मामा उंच, काटकुळा. कडक इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. त्याचे कान अजून इतके तयार आहेत, की आपल्या खोलीत पेपर वाचता वाचता सांगतो, "त्या वरच्या नीरजला म्हण, कुकरची रिंग बदल. वाफ बाजूनं निघून राहिली आहे." आणि ते खरं निघतं. वाफ हा त्याचा विषय. तरुणपणी तो मिलच्या बॉयलर हाउसात होता आणि भोंगा वाजवणं हे त्याचं काम होतं. मिल कोणती ते मी सांगणार नाही; अजून तिथली माणसं आहेत आणि त्यांची आठवण पक्की आहे.

त्या काळी इंदुरात घड्याळं कमी आणि भोंगे जास्त. पावणेसातचा भोंगा झाला की दूध तापायचं, मुलं उठायची, नवरे सायकली बाहेर काढायचे. मामा चोविसाचा होता. एक लोखंडी तार, तिला लाकडी मूठ. ती ओढली की वरती वाफ सुटायची आणि चार मैलांवरची माणसं हलायची. असं काम चोविसाव्या वर्षी हातात असलं तर कोणाचं डोकं ठिकाणावर राहील? मामाचं राहिलं होतं, असं तो म्हणतो. मला शंका आहे.

मग आली तीन डिसेंबर. शुक्रवार. लढाई होणार, होणार, असं महिनाभर सगळे बोलत होतेच, मैदानांत लपायचे खड्डेही खणून झाले होते, पण ती त्या संध्याकाळी येईल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. दिवेलागणीला पाकिस्तानची विमानं एकदमच आपल्या विमानतळांवर येऊन बॉम्ब टाकून गेली. अमृतसर, पठाणकोट, श्रीनगर, आणि चक्क आग्रा. ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या घरी सगळी गल्ली. आग्रा ऐकलं आणि इंदूरच्या तोंडचं पाणी पळालं. आग्र्यापर्यंत आले ते महूपर्यंत का नाही येणार? महूला एवढी मोठी छावणी, आणि महू म्हणजे आमच्या दारातच. भीती होती, पण मामा सांगतो की भीतीपेक्षा चेव जास्त होता. पोरं रस्त्यावर घोषणा देत होती, बायका खिडक्यांना काळे कागद चिकटवत होत्या, आणि जो तो दुसऱ्याला दिवा बंद करायला सांगत होता.

मिलमध्ये हुकूम आला. उद्यापासून पाळीचा भोंगा बंद. कामगार घड्याळ बघून येतील. भोंगा आता फक्त विमानं आली तरच वाजेल: खालीवर, खालीवर झाला तर लपा, एकच लांब सरळ झाला तर संकट टळलं, बाहेर या. हुकूम मामाने स्वतः वाचला, खाली सही केली. आणि सकाळी पावणेसातला घड्याळ पाहिलं आणि मूठ ओढली. रोजच्यासारखी. पूर्ण एक मिनिट.

तीन वर्षांची सवय ती. हाताला हुकूम वाचता येत नाही.

पुढचं सगळं शहर सांगतं. पराठे तव्यावर टाकून बायका पळाल्या. एका हलवायाने कढईखालची भट्टी विझवायला दुधाचं पातेलं ओतलं. आणि अंबिका नावाची वीस वर्षांची मुलगी, दुधाच्या बाटल्या घेऊन निघालेली, तिने शाळेच्या मैदानातल्या खड्ड्यात उडी मारली आणि तिचा उजवा घोटा मोडला. तो नीट जुळलाच नाही. मामी आजही लंगडते.

मामाला त्याच दिवशी बॉयलर हाउसातून काढून कापसाच्या गाठींच्या गोदामात टाकलं. मिल बंद पडेपर्यंत तो तिथेच राहिला. शहराने त्याला नाव दिलं, भोंगेजी. इंदुरात चिडवतानासुद्धा 'जी' लावायची पद्धत आहे. मामाचं म्हणणं आजही एकच: "अरे, मी वाजवला तो लांब सरळ होता! म्हणजे सगळं ठीक, बाहेर या! हुकूम कोणी वाचलाच नव्हता, त्यात माझा काय दोष?" हे ऐकून आमचे कान किटलेत.

लग्नाची गोष्ट घरात अशी सांगितली जायची: मुलगी लंगडी झाली, स्थळं येईनात, मामाला अपराधी वाटत होतं, तो स्वतः मागणी घालायला गेला. त्र्याहत्तर साली लग्न झालं. मामीने एकच अट घातली, पुन्हा भोंग्याला हात लावायचा नाही. आणि ती अट तिने अशी पाळून घेतली, की आमच्या घरच्या लग्नांत मामाला शंख फुंकायलासुद्धा मनाई. आम्ही हसायचो. पायाचं दुखणं आहे, राग असणारच, असं धरून चालायचो.

आता या वर्षीचा, दोन हजार पंचवीसचा मे महिना. पहलगामला जे झालं त्यानंतर पंधरा दिवस सगळं शहर टीव्हीसमोर बसलं होतं. मग बातमी आली की सात तारखेला देशभर मॉक ड्रिल, इंदूरसुद्धा यादीत. सायरन वाजणार, लोकांनी लपायचं. आमच्या गल्लीची वेळ दुपारी चार. आणि मोबाइलवर निरोप फिरला: ज्यांना सरकारी सायरन ऐकू येणार नाही त्यांनी आपली सोय करावी.

आमच्या सोयीला नीरज धावून आला. नीरज माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो, पोलोग्राउंडला त्याचं लेथचं वर्कशॉप आहे. सहा तारखेच्या संध्याकाळी त्याने स्कूटरवर बांधून एक वस्तू आणली आणि पार्किंगमध्ये ठेवली. हाताने फिरवायचा सायरन. तीन पाय, पोटात पात्यांचं चाक, बाजूला दांडा.

"शलाकाताई, एकदम ओरिजिनल पीस आहे, भिया! एका बंद फॅक्टरीतून उचलला. बेअरिंग मी स्वतः बदललं. बघा आता."

इंदुरात ताईलासुद्धा 'भिया' म्हणजे भाऊच म्हणतात. त्याने दांडा फिरवला. सायरन आधी गुरगुरला, मग एक रडका आवाज निघाला, आणि तो जो चढला तो चढूनच राहिला. कुत्री भुंकायला लागली. मी म्हटलं, "नीरज, खालीवर पाहिजे, खालीवर! हा तर नुसता सरळ जातोय."

"फिरवून तर राहिलोय ना, ताई. याच्याहून काय करू?"

तेवढ्यात जिन्यावरून मामा आला. अनवाणी. इस्त्रीचा शर्ट नाही, नुसता बनियन. मी मामाला बनियनवर खाली आलेला जन्मात पाहिला नव्हता.

"अरे थांब, थांब! मारून टाकशील त्याला. जोर नको लावू. चढव, आणि मग सोड. सोडून दे! आता त्याला दम घेऊ दे. खाली येऊ दे. आता पकड. आता!"

तो हे सगळं हात पाठीमागे बांधून सांगत होता. एक हात दुसऱ्या हाताने घट्ट धरला होता. नीरज घामाघूम होऊन फिरवत होता, चुकत होता, पुन्हा फिरवत होता, आणि मामाचे खांदे त्याच्याबरोबर हलत होते. अर्धा तास हे चाललं. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. शेवटी मला राहवेना.

"मामा, पुरे. तूच वाजव उद्या."

मामाने वर बघितलं. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत मामी उभी होती. ती आत निघून गेली. मामा मला म्हणाला, "राहू दे ग. नीरजला येईल हळूहळू." आणि जिना चढायला लागला. एकेक पायरी, कठड्याला धरून. येताना तो असा आला नव्हता.

मी तडक मामीकडे गेले. ती जमिनीवर बसून गुळांब्यासाठी कैऱ्या किसत होती, वाईट पाय पुढे लांब केलेला. मामा आतल्या खोलीत.

"मामी, उद्या मामाला सायरन वाजवू दे."

"नाही."

"अगं, ऐकून तर घे."

"गॅलरीतून सगळं ऐकलं मी. तो नीरज काय वाजवून राहिला होता, म्हैस ओरडल्यासारखं."

"म्हणून तर म्हणते! मामासारखं कोणाला येणार? अठ्ठ्याहत्तर वय झालं त्याचं. आयुष्यभर लोकांनी त्याला भोंगेजी म्हणून चिडवलं. एकदा तरी नीट वाजवून दाखवू दे. तुझ्या एका शब्दासाठी अडलंय."

मामी किसत राहिली. "एक पाय दिला मी त्या भोंग्याला. आता दुसरा पण देऊ?"

"तुला कोण पळायला सांगतंय? लिफ्ट बंद असेल, पण नीरज तुला खुर्चीत बसवून खाली आणेल. पार्किंगमध्ये सगळ्यांच्या मधोमध बसवते तुला."

"आणि हे कुठे असणार?"

"गच्चीवर. आवाज लांब जायला पाहिजे ना."

"एकटे?"

"हो, एकटाच. त्यात काय झालं? दहा मिनिटांनी संपलं पण."

मामीने हातातली कोय परातीत ठेवली. "बावन्न वर्षं मी ह्यांना अडवलं. कशाला अडवलं ते कोणी एकदा विचारलं नाही."

"पाय मोडला म्हणून. त्यात विचारायचं काय?"

"हो, तेच," मामी म्हणाली. मग आतल्या खोलीकडे तोंड करून जोरात: "अहो! उद्या वाजवा. पण टोपी घालून. बेचाळीस डिग्री ऊन आहे बिलकुल डोक्यावर."

मी डोकावले तर मामा पलंगावर बसून हवेत हात फिरवत होता. चढव, सोड. चढव, सोड.

सात तारखेला सकाळी उठलो आणि सगळंच बदललेलं. आपल्या विमानांनी सीमेपलीकडे हल्ले केल्याची बातमी. ड्रिल ही काल शाळेतल्या कवायतीसारखी वाटत होती, ती आज एकदम खरी वाटायला लागली. दूधवाला दूध घालताना दहा मिनिटं बोलत उभा राहिला. ऑफिसात एकाही फाइलीला कोणी हात लावला नाही. मी अर्धा दिवस रजा टाकून घरी आले. रिक्षावाल्याने माझ्याकडून महूची खबर काढायचा प्रयत्न केला, जशी काही मी छावणीतच राहते. भीती होती आणि तरी मन उड्या मारत होतं. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. सगळ्यांना येत होती.

साडेतीनला मामा गच्चीवर गेला. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, डोक्याला टोपी, खांद्यावर टॉवेल. जाताना मला म्हणाला, "दोन मिनिटं खालीवर. मग दहा मिनिटं शांत. मग एक लांब सरळ. लोकांना नीट सांगितलंस ना, लांब सरळ म्हणजे काय ते? नंतर माझ्या नावानं ओरडा नको."

"सांगितलं, मामा. तीनदा."

"चौथ्यांदा सांग."

वॉर्डातून एक स्वयंसेविका आली होती, तन्वी. कॉलेजातली मुलगी, नारिंगी जाकीट, हातात यादी. इमारतीतली बेचाळीस नावं. प्रत्येकाने पार्किंगमध्ये येऊन उभं राहायचं, ती खुणा करणार, आणि वर रिपोर्ट पाठवणार. "मॅम, पूरा वॉर्ड देख रहा है," ती म्हणाली. "बाकी बिल्डिंगों में तो लोग निकलते ही नहीं."

"हमारे यहाँ सब आएँगे," मी छाती फुगवून सांगितलं.

चार वाजले.

आधी गच्चीवरून ती गुरगुर आली. मग आवाज उचलला गेला, सावकाश, अख्ख्या गल्लीच्या वर, आणि तिथे पोचून क्षणभर थांबला, आणि उतरला. पुन्हा चढला. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. काय वाजवत होता मामा! नीरज माझ्या शेजारी तोंड उघडं टाकून उभा होता. पत्र्यावरची कबुतरं एकदम उडाली. अर्धं मिनिट गल्लीत चिटपाखरू हललं नाही.

आणि मग इंदूर जागं झालं. आवाज आला की घरात जायचं असतं, हे आमच्या शहराला कोणी शिकवलेलंच नाही. आवाज आला की आम्ही बाहेर येतो. मॅच जिंकली की बाहेर, मिरवणूक निघाली की बाहेर, कोणाचं भांडण झालं तरी बाहेर. समोरचा कचोरीवाला कढई सोडून रस्त्यात आला. मागच्या गल्लीतले लोक धावत आमच्या गल्लीत आले, का, तर सायरन इथे वाजतोय! सगळ्यांचे मोबाइल वर. कोणी व्हिडिओ काढतोय, कोणी बहिणीला फोन लावून ऐकवतोय. आमच्या इमारतीतलेसुद्धा अर्धे जण पार्किंगमधून बाहेर पडून वरती बघत होते. "वाह, भोंगेजी, वाह!" एक जण ओरडला.

माझं डोकं फिरलं. वर तो म्हातारा उन्हात दोन मिनिटं हात तोडून घेतोय आणि खाली यांची जत्रा.

"अंदर!" मी ओरडले. "अंदर चलो सब! ये तमाशा है क्या? आज सकाळी बातमी ऐकली नाही का कोणी? बॉम्ब पडेल तेव्हा पण सेल्फी काढणार का?" कचोरीवाल्याला मी दंडाला धरून त्याच्या दुकानात ढकललं. आमच्या लोकांना अक्षरशः हाकलत पार्किंगमध्ये कोंबलं. मागच्या गल्लीतले लोक माझ्या अवताराला भिऊन भिंतीला चिकटले. दोन मिनिटं संपली. सायरन उतरत उतरत गुरगुरला आणि थांबला.

आता दहा मिनिटं शांतता. तन्वी खुणा करत फिरली. एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरली.

"मॅम, इकतालीस. एक कम है."

"असं कसं? कौन?"

"सेकंड फ्लोर. अंबिका सरमंडल."

मी नीरजकडे वळले. "मामीला आणायचं काम तुझं होतं!"

नीरजचा चेहरा पडला. "ताई, मी गेलो होतो ना खुर्ची घेऊन. पावणेचारला. दाराला बाहेरून कुलूप होतं. मला वाटलं तुम्ही घेऊन गेल्या."

मामीला घेऊन मी गेलेच नव्हते. मी तर गल्लीत लोकांवर ओरडत होते. मग ती दार लावून गेली कुठे? जिना उतरताना पाय घसरला असेल? सायरन ऐकून घाबरून पळायला गेली असेल, त्या वेळेसारखी? माझ्या डोळ्यांसमोर तो एकाहत्तरचा खड्डा आला. मी जिन्याकडे धावले. तन्वी मागून म्हणत होती, "मॅम, ऊपर नहीं जा सकते, ड्रिल चालू है!" चालू असेल. मी पहिला मजला चढले, मामीचं नाव घेत. दुसरा मजला, कुलूप. हलवून बघितलं. आतून आवाज नाही. तिसरा मजला.

तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधल्या वळणावर मामीची एक चप्पल पडली होती. उजव्या पायाची.

मी चप्पल उचलली आणि उरलेल्या पायऱ्या कशा चढले ते मला माहीत नाही. गच्चीचं दार ढकललं.

मामी तिथे होती. रंगाचा रिकामा डबा उपडा टाकून त्यावर बसलेली, मामाच्या अगदी शेजारी. एका हाताने काळी छत्री उघडून तिने मामाच्या डोक्यावर धरली होती. अनवाणी पाऊल तापलेल्या फरशीवर टेकायला नको म्हणून खाली मामाचा टॉवेल घडी करून ठेवलेला. मामा मनगट उलटं करून घड्याळ बघत होता. दोघं इतकी शांत बसली होती, की मला आधी रडू आलं आणि मग राग आला.

"मामी! खाली माझा जीव जायची वेळ आली! तुला खाली यायचं होतं ना!"

"हळू बोल. ह्यांचा टाइम चुकेल."

"सगळे खाली, आणि तू वर? आणि ते पण या पायाने, तीन मजले?"

"मला कोण आणतं वर? म्हणून साडेतीनलाच निघाले. हे पुढे गेले, मी मागून. एका पायरीला अर्धं मिनिट."

"पण कशाला?"

मामीने छत्री दुसऱ्या हातात घेतली. "खड्ड्यात पडले ना मी तेव्हा, घोटा मोडला, उठता येईना. बाकी सगळे माना खाली घालून बसले होते. मी उताणी. मला वर फक्त मिलची चिमणी दिसत होती आणि भोंगा वाजून राहिला होता. मी पडल्या पडल्या विचार केला, आपण सगळे तर लपलो. तो वाजवणारा कुठे लपला असेल? मग हे दवाखान्यात आले. हातात चार केळी, तोंडातून शब्द नाही. मी यांना तेच विचारलं. तुम्ही कुठे लपला होता? तर म्हणाले, मी कुठे लपणार? भोंगा सोडून जाता येत नाही. बस, इतकंच बोलले. त्याच दिवशी घरी सांगितलं मी, लग्न करीन तर ह्यांच्याशी. बाबा दोन वर्षं ऐकून राहिले नाहीत, मी पण ऐकलं नाही."

"पण मग तू मामाला भोंग्याला हात का लावू दिला नाहीस?"

"अगं, म्हणूनच! पुन्हा कधी खरंच विमानं आली असती, तर सगळं शहर खाली आणि हे एकटे वर. मला नको होतं ते." तिने छत्री मामाकडे आणखी झुकवली. "काल तू इतकं म्हटलंस, मला नाही म्हणवलं नाही. मग म्हटलं, आपण पण वर जाऊ."

मामा घड्याळ बघतच होता. पण आता तो नुसता बघत होता, वेळ वाचत नव्हता. "मला वाटायचं पायाचा राग आहे तुला," तो म्हणाला. "इतकी वर्षं मला तेच वाटून राहिलं."

"तुम्ही विचारलं कुठे?"

इतकी वर्षं आम्ही सगळ्यांनी मिळून या गोष्टीवर हसून घेतलं होतं आणि ती गोष्टच चुकीची सांगत आलो होतो. मी मामीची चप्पल तिच्या पायात घातली. तेवढंच मला सुचलं.

तन्वी धापा टाकत वर आली. "मिल गईं? आंटी, आपको नीचे होना था. अब मैं क्या लिखूँ? आपकी वजह से एक कम जा रहा है पूरी बिल्डिंग का."

"दाखव तुझी यादी," मामी म्हणाली. चष्मा पुढे ओढून तिने यादी वरपासून खालपर्यंत वाचली. "यात ह्यांचं नाव कुठे आहे?"

"अंकल का? आंटी, सायरन वाले का नाम लिस्ट में नहीं आता. लिस्ट तो उनकी है जिनको बचाना है."

बोलून झाल्यावर तन्वीलाच ते ऐकू आलं असावं.

"तो फिर मेरा भी काट दे," मामी म्हणाली.

तन्वीने तिच्याकडे बघितलं, मामाकडे बघितलं, खिसे चाचपले. तिचं पेन खाली राहिलं होतं. मामाने आपल्या खिशातलं एक काढून दिलं. तन्वीने गुडघ्यावर यादी टेकवून मामीच्या नावासमोरचं 'पार्किंग' खोडलं आणि 'छत' लिहिलं. मग सगळ्यांत खाली, जिथे जागा नव्हती तिथे, बारीक अक्षरात आणखी एक ओळ लिहिली: त्रेचाळीस, चिंतामण सरमंडल, छत. दोन्ही नावांपुढे तिने खूण केली आणि फोन कानाला लावला. "मैडम, स्नेहलतागंज. तैंतालीस में से तैंतालीस."

मामीने यादी पुन्हा एकदा वाचून घेतली, परत केली, आणि छत्री सरळ केली.

"चला, दहा मिनिटं झाली. वाजवा आता. खाली लोक उकडून निघाले असतील."